हंडीला न सोसलेला वास

डोंखाम गावात खामपायच्या गांजाच्या कुंड्या बघायला लोक वाट वाकडी करून येत. सहा कुंड्या होत्या, वैद्यांच्या वहीत रीतसर नोंदलेल्या, घरामागे निळीने सूत रंगवायच्या छपराला लागून ओळीने मांडलेल्या. डिसेंबरचं वारं डोंगरावरून खाली उतरलं की त्यांची पानं कडेने जांभळी पडू लागत आणि पंधरा दिवसांत तुऱ्यांपासून देठापर्यंत अख्खं झाड पिकल्या जांभळासारखं होई. लोक फोटो काढत. "काय रंग आणलायस, मावशी!" म्हणत. खामपाय नुसतं "हं" म्हणे आणि कपाळ पुसे. कपाळावर घाम कुठला, थंडीचे दिवस. पण दमलेल्या माणसाला हात कुठेतरी टेकवावा लागतो.

ती किती दमली होती ते फोटोत येत नसे. एका थंडीतले चार महिने सोडले तर तीन वर्षांत तिला सलग झोप मिळाली नव्हती, कारण तिच्या नवऱ्याला मिळाली नव्हती.

सीथोन गवंडी होता. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या. साखरेचं दुखणं जुनं. तीन वर्षांपूर्वी पायाला साधी जखम झाली, ती चिघळली आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. पाय दवाखान्यात राहिला आणि दुखणं तेवढं घरी आलं. नसलेल्या अंगठ्यावर कुणीतरी तापलेली वीट ठेवली आहे, असं तो सांगे. ओरडत मात्र नसे. तो कूस बदले, पलंगाची फळी करकरे आणि खामपायचे डोळे उघडत. मग दोघंही एकमेकांना झोप लागल्याचं सोंग करत पहाटेपर्यंत पडून राहत.

त्यात नणंदेचं एक वाक्य होतं. बुनलायताई ही सीथोनची थोरली बहीण, सत्तरीची, सुपारी खाऊन दात काळे आणि जीभ तिखट. दवाखान्याच्या व्हरांड्यात चारचौघांसमोर ती म्हणाली होती, "तू हंडीत हात घालून बसली होतीस, म्हणून माझ्या भावाचा पाय गेला." जखम चिघळली त्या पंधरवड्यात खामपायकडे जत्रेसाठी सूत रंगवायचं मोठं काम आलं होतं. सीथोन "काही नाही गं, खरचटलंय" म्हणाला होता आणि तिला ते खरं मानणं सोयीचं होतं. नणंद खोटं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

हंडी म्हणजे निळीची हंडी. गेली चाळीस वर्षं खामपाय सूत निळं करत होती. हात कोपरापर्यंत निळे, नखं तर कायमची. तिच्या आईने आपल्या हंडीतलं वाडगाभर पाणी मुलीच्या नव्या हंडीत ओतलं होतं, आणि तेव्हापासून ती हंडी जिवंत होती. पहाटे आणि संध्याकाळी झाकण काढायचं, नाक आत घालायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं, फेस बघायचा. मग अंदाजाने कधी चुना, कधी चिंचेचं पाणी. चुना जास्त झाला तर चिंच, चिंच जास्त झाली तर चुना. डोंखामच्या बायका मानतात की हंडीत कुणीतरी राहतं. त्याला जपावं लागतं, नाहीतर ते रुसतं आणि निघून जातं. बायका तेव्हा एवढंच म्हणतात, "पळाली." पाणी तसंच राहतं, सूत मात्र निळं होत नाही. म्हणून हंडीजवळ आंबवलेले मासे न्यायचे नाहीत, अत्तर लावून जायचं नाही, मेलेल्याच्या घरून आलं तर आधी आंघोळ.

आणि इथेच खामपायची चूक झाली. रंगारणीलाच होऊ शकेल अशी चूक.

पहिल्या वर्षी वैद्य थोंगइन यांनी दिलेल्या बियांतून सहा झाडं आली. थंडी पडल्यावर पाच जांभळी झाली. सहावं मात्र हटून हिरवंच राहिलं, आणि त्याला असा वास की कुंडीजवळून गेलं तरी लुगड्याला लागे. इकडे बायका ज्या सुरकुतल्या लिंबाच्या सालीने केस धुतात, ती साल चुरगाळावी आणि तिच्यावर मिरी ठेचावी, तसा वास. सहांचेही तुरे एकत्र वाळवून वैद्यांनी तेल काढलं. ती बाटली एप्रिलात, नव्या वर्षाला लोक एकमेकांवर पाणी उडवतात त्या पाणखेळापर्यंत पुरली. त्या चार महिन्यांत सीथोन झोपला. पलंगाची फळी वाजली नाही, आणि खामपायलाही झोप मिळाली ती एवढीच.

पण त्याच थंडीत हंडी कुरकुरायला लागली. फेस निळ्याचा राखाडी झाला, सूत डागाळलं. खामपायने इकडेतिकडे पाहिलं, तर हंडीपासून तीन हातांवर तो वासाडा हिरवा! तिने तेलासाठी त्याचे सगळे तुरे काढून घेतले आणि रिकामं झाड कुंडीसकट बुनलायताईच्या अंगणात नेऊन ठेवलं. "तुमच्या कोंबडीच्या रश्श्यात घाला," म्हणाली. घरी येऊन सगळ्यांत जांभळ्या झाडाचं बी पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवलं. औषध कुठल्या झाडात आहे हे कुणाला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. जिने जन्मभर रंगच पारखला, तिला गुणसुद्धा रंगातच दिसणार.

दुसऱ्या वर्षीच्या तेलाने काही झालं नाही. सीथोन म्हणाला, "जरा बरं आहे." फळीने मात्र खरं सांगितलं. खामपायला वाटलं, रंग कमी पडला. म्हणून तिसऱ्या वर्षी तिने त्यातूनही गडद झाड निवडलं. आता सहाच्या सहा कुंड्या जांभळ्याकिर्र उभ्या होत्या, उद्या वैद्य तुरे कापायला येणार होते, आणि ती सकाळी हंडीसमोर उकिडवी बसून चिंचेचं पाणी कालवत होती.

वारा आला. शेजारच्या कुंडीतलं एक जांभळं पान वाडग्यात पडलं. ती ते काढणार तेवढ्यात कुणीतरी घराकडून हाक मारली, कोंबड्यांबद्दल काही विचारायचं होतं, ती उठून गेली. परत आली तर पानाभोवती पाणी गुलाबी झालं होतं.

खामपाय बघत राहिली. मग तिने चुन्याची निवळी थोडीशी टाकली. गुलाबी गेलं, हिरवट आलं, बघता बघता पिवळट पडलं. ते पाणी तिने सुताच्या एका तुकड्यावर ओतलं, धुतलं. सूत पांढरंच्या पांढरं.

"कच्चा रंग," ती मोठ्याने म्हणाली.

बाजारात कच्च्या रंगाचं सूत निळं म्हणून विकणाऱ्या बायकांना तिने कमी का शिव्या घातल्या होत्या? आणि स्वतः दोन वर्षं कच्च्या रंगाला पाणी घालत बसली होती. ती तशीच उठून घरात गेली आणि मांडणीवरच्या दोन्ही रिकाम्या बाटल्या उतरवल्या. पहिल्या वर्षाची आणि दुसऱ्या वर्षाची. दोन्हींच्या तळाशी तेलाचा थेंब थेंब होता, दोन्ही सारखेच, मळकट हिरवे. जांभळं काहीच नाही. जांभळा रंग तेलात उतरलाच नव्हता. चोथ्याबरोबर फेकला गेला होता. हे तिला कधीच दिसायला हवं होतं. पण डोळ्यांत तीन वर्षांची झोप साचली की समोरचंही दिसत नाही.

मग तिने हंडीजवळ रोज करते ते केलं. बूच काढून नाक लावलं. दुसऱ्या बाटलीत ओल्या गवताचा वास. पहिलीत अगदी पुसट, पण ओळखू येणारा, लिंबाची साल आणि मिरी.

सीथोन पलंगावर बसून चिकट भाताच्या टोपलीची सुटलेली दोरी बांधत होता. तिने दोन्ही बाटल्या पाठीमागे धरल्या आणि एकेक त्याच्या नाकाशी नेली.

"ही," तो पहिलीवर लगेच म्हणाला. "ही झोपेची."

"तुला ठाऊक होतं?"

"वास वेगळा होता एवढं ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस, म्हाताऱ्या? दोन वर्षं! दोन वर्षं मी ती जांभळी कार्टी वाढवतेय!"

"तू किती हौसेने वाढवत होतीस. लोक फोटो काढत होते."

"फोटो गेले खड्ड्यात!"

सीथोनने दोरीची गाठ मारली, दाताने टोक तोडलं. "आणि ते हिरवं तू हंडीसाठी काढलंस ना," तो म्हणाला. "हंडीपुढे मी काय बोलायचं?"

तो रागाने बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. खामपायला रडू आलं असतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते. तिने डोक्याला पंचा गुंडाळला आणि नणंदेकडे निघाली.

बुनलायताई अंगणात कोंबडी सोलत होती. तीन वर्षांत ही वाट खामपाय फक्त एकदा चालली होती, कुंडी ठेवायला.

"कोण मेलं?" बुनलायताईने मान वर न करता विचारलं.

"कुणी नाही. ताई, ते हिरवं झाड... ते आहे का अजून?"

"कुठलं? तुझ्या राणीसरकारांना वास सोसला नाही म्हणून हाकललंस ते?"

"तेच."

"आहे. संडासामागे. तिथे कुणाला त्याच्या वासाचं काही वाटत नाही. दरवर्षी गळलेल्या बियांतून आपलं आपण उगवतं बिचारं."

खामपायने सांगितलं. सगळं, उभ्याउभ्याच, पान, चिंचेचं पाणी, बाटल्या, सीथोन काय म्हणाला तेसुद्धा. बुनलायताईचे हात थांबले. ती चिडली की तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात जाई. आता ती दोनदा इकडून तिकडे गेली.

"म्हणजे माझा भाऊ तिकडे तळमळत होता आणि मी इकडे त्याचं औषध रश्श्यात टाकत होते," ती म्हणाली.

"दिलं तर मीच होतं."

"आणि मी विचारलंही नाही, का देतेस म्हणून. फुकट मिळालं, घेतलं." ती उठली, हात धुतले आणि धान्याच्या कोठारात गेली. छताला उलटी टांगलेली जुडी काढून आणली. हिरवीच होती, जेमतेम वाळलेली. "महिन्यापूर्वी कापलीय. उन्हात नाही घातली. उन्हात घातलं की वास उडतो, मग रश्श्याला काय राहतं? घे. आणि ते रोपही ने. एक लहान उगवलंय."

"ते नको. हंडी..." खामपाय बोलता बोलता थांबली.

बुनलायताई तिच्याकडे बघत राहिली. टोमणा जिभेच्या टोकावर आला होता, दिसतच होता. पण तिने तो गिळला, आणि खामपायने पुढे होऊन रोपाची कुंडी उचलली.

वैद्य थोंगइन यांनी जुडी नाकाशी धरून डोळे मिटले. "हीच ती," म्हणाले. "त्या वर्षी तेल कढवताना अख्ख्या गल्लीला हा वास गेला होता. मला वाटलं, सहाही झाडांचा आहे."

"आणि रंग?"

"तो थंडीचा. मागे तालुक्याला शिबिर झालं, तिथे प्रयोगशाळेतली एक पोरगी सांगत होती. तांबड्या कोबीत असतो तसलाच रंग, म्हणे. पाण्यात उतरतो, तेलात नाही. वासात मात्र लिंबाच्या सालीतलं एक द्रव्य, मिऱ्यातलं एक, लवंगेतलं एक, आणि प्रत्येक झाडात माप वेगळं. कुणाला काय लागू पडेल ते तिलाही सांगता येईना."

"हे तुम्हाला ठाऊक होतं, आजोबा? मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला?" वैद्य खरोखरच चकित झाले. "अगं, तू रंगारीण. रंगाचं तुला मी काय शिकवायचं?"

खामपायला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळे ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

"गुण येईलच असं म्हणत नाही मी," वैद्यांनी बजावलं. "दोन दिवसांनी ये."

ते दोन दिवस खामपाय हंडीभोवती घुटमळत राहिली. रोप हंडीपासून तीन हातांवर ठेवलं होतं. सावलीची जागा तेवढीच. पहिल्या दिवशी हंडी ठीक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फेस मलूल दिसला, वासाला आंबटपणा आला. तिने भरपूर चुना घातला. जरा जास्तच, हात थकला की माप चुकतं. संध्याकाळी चिंच घालून सावरू, असं तिने ठरवलं. थंडीत हंडी हळवी असते, दिवसातून दोनदा बघावीच लागते. "रुसू नकोस," ती हंडीला म्हणाली. "मी आहे ना." दुपारी ती वैद्यांकडून तेलाची बाटली घेऊन आली.

सूर्य कलला तेव्हा तिने सीथोनच्या जिभेखाली तीन थेंब सोडले, वैद्यांनी सांगितले तेवढेच. हंडीकडे जायचं होतं. पण गुण येतो की नाही हे बघितल्याशिवाय तिचा पाय निघेना. ती पलंगाशेजारी खाली बसली, खांबाला पाठ टेकली. सीथोन छताकडे बघत पडला होता. खुराड्यात कोंबड्या जागेवरून भांडत होत्या. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वीट आहे का अजून?"

"आहे," सीथोन म्हणाला. "पण निवलीय."

तिने फळी करकरण्याची वाट पाहिली. करकरली नाही. पाच मिनिटं बसते आणि जाते, असं ती मनाशी म्हणाली.

तिने डोळे उघडले तेव्हा ऊन पलंगाच्या पायापाशी आलं होतं. हे ऊन भर दुपारी येतं हे समजायला तिला वेळ लागला. ती जमिनीवर आडवी होती, डोक्याखाली उशी होती, अंगावर सीथोनची चादर. वर सीथोन तोंड उघडं टाकून घोरत होता. दारात बुनलायताई पाठमोरी बसली होती, हातात झाडू, आणि जवळ येणाऱ्या कोंबड्यांना न ओरडता हाकत होती.

"ताई, कधी आलात?"

"सकाळी. दार उघडं, दोघं मेल्यासारखी. आधी जीवच गेला माझा. मग घोरणं ऐकलं." ती वळली. "उठवावंसं वाटलं नाही. तो मध्ये एकदा उठला, चार घास खाल्ले, तुला चादर घातली, परत झोपला. तुझ्या हंडीला मी हात लावला नाही. मला त्यातलं काय कळतंय?"

खामपाय उठली. छपराखाली जाऊन झाकण काढलं. नाक आत घालायची गरज नव्हती. वास आपणच वर आला. तरी तिने रीतीप्रमाणे बोट बुडवलं, जिभेला लावलं, फेसावर हात फिरवला. फेस नव्हता. निळं पाणी होतं नुसतं, मळक्या डबक्यासारखं. तीन हातांवर हिरवं रोप वाऱ्यावर हलत होतं. त्याच्यावर आळ घेणं सोपं होतं. पण चुना घालून चिंच न घालणारे हात कुणाचे, हे तिला ठाऊक होतं. आईच्या हंडीतलं वाडगाभर पाणी चाळीस वर्षं टिकलं आणि एका झोपेत गेलं.

बुनलायताई मागे येऊन उभी राहिली होती. "काय झालं?"

"पळाली."

बुनलायताईची सुपारी एका गालात तशीच राहिली. मग खरखरीत आवाजात ती म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यात मी जे बोलले..."

"राहू दे, ताई."

"नाही, चुकलंच ते."

"पुरतं चुकलं नव्हतं," खामपाय म्हणाली. तिने झाकण परत ठेवलं. गावात कुणाची तरी हंडी असेल, कुणीतरी वाडगाभर पाणी देईल. नवी हंडी जागवायला दोन-तीन महिने जातील. तोवर पहाटे उठायचं कशासाठी? हा प्रश्न तिला चाळीस वर्षांत पहिल्यांदा पडला. तिला वाईट वाटलं, आई पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं. पण त्याहून जास्त झोप येत होती, आणि त्याची तिला लाज वाटेना.

आतून सीथोनचा जाड आवाज आला. "काय झालं गं?"

"काही नाही. झोप तू."

"हंडी बघितलीस?"

"बघितली." बुनलायताई झाडू घेऊन परत दारात बसली. खामपाय आत आली, आणि या वेळी जमिनीवर नाही, पलंगावरच त्याच्या शेजारी आडवी झाली. "सरक तिकडे. ताई दारात बसल्यात."